कातरल्यानंतरच्या रात्री

देल्मिरोनं मला कुत्रा दिला
त्या मंगळवारी मी नुसतं "आभारी आहे" म्हटलं.

ताक्वारेम्बोच्या उत्तरेला
डांबरी रस्ता जिथं हात टेकतो
तिथून पुढं मी पाव पोचवतो. एकवीस घरं.
देल्मिरोचं शेवटचं.
पूर्वी दोन पाव घ्यायचा, ओदिलिया गेल्यापासून एक.
जूनची थंडी पडली तसा म्हणू लागला, अर्धा पुरे.
आणि मी, शहाणा,
रोज सुरी काढून अर्धा कापून देत राहिलो.

लोकरीची कात्री त्यानं आधीच देऊन टाकली होती,
चाळीस हंगामांची,
तेल पाजून, फडक्यात गुंडाळून, शेजारच्या पोराला.
माते प्यायचा चांदीच्या कडेचा भोपळा पुतणीला.
एकेक वस्तू उंबरा ओलांडत होती
आणि गाव म्हणत होतं,
म्हातारा उतारवयात दिलदार झाला.

त्रोम्पो आमच्याकडे ताट चाटूनपुसून जेवला.
बायको त्याच्याकडं बघत म्हणाली,
"कुत्राच देऊन टाकला,
मग उद्या उठून हाक कुणाला मारणार तो?"

माझा घास तिथंच राहिला.

रात्री नऊला व्हॅन काढली.
वाटेत खोटं जुळवलं.
दार नुसतं लोटलेलं. चूल गार.
टेबलाशी तो, घरातल्या घरात
लग्नाकार्याचा कोट घालून.
"हा खात नाही माझ्याकडं," मी म्हणालो.
त्रोम्पोच्या मिशांना रस्सा लागलेला होता.

सोळाव्या वर्षी याच्या हाताखाली दोन हंगाम केले,
त्यानंतर पावाच्या भावापलीकडं
आमचं बोलणं गेलं नव्हतं.
जीभ टाळ्याला चिकटली. तरी विचारलं, सरळच:
"देल्मिरो, मरून जावं असं वाटतंय का तुला?"

मला भीती होती,
शब्द उच्चारला तर तोच वाट दाखवेल.
पण पाठीवरचं पोतं कुणी खालून धरावं
तसा त्यानं श्वास सोडला.
"हो," म्हणाला. "बरेच दिवस झाले."

मग बोलला. मरणाबद्दल अगदी थोडं.
बोटांबद्दल, जी आता बटणाशी हरतात.
स्पेनमधल्या मुलाबद्दल,
ज्याला दर रविवारी "सगळं ठीक" सांगून
सोमवारपर्यंत दम लागतो.
"लोकर संपलेली मेंढी," म्हणाला, "कोण पोसतं?"

मी म्हटलं, तूच शिकवलंस ना,
नुकती कातरलेली मेंढी
पहिल्या रात्री वाऱ्यात सोडायची नाही म्हणून?
आडोशाला घ्यायची.
लोकर लगेच येत नाही. रात्री तेवढ्या काढायच्या.
"मी मेंढी नाही."
"नाहीसच. मेंढी इतकी हट्टी नसते."

हसला नाही.
उठून चुलीत लाकूड सरकवलं.

मी तिथंच झोपलो. म्हणजे जागाच होतो.
खोपटातली एक वस्तू व्हॅनमध्ये टाकली.
अडवलं नाही त्यानं, एवढंच म्हणाला, "पावती दे."
पिठाच्या पिशवीवर लिहून दिली.

सकाळी दवाखान्यात मारिसेल नर्सनं
रक्तदाब विचारावा तशा सुरात
तोच प्रश्न पुन्हा विचारला, आणि उत्तर येईपर्यंत
घड्याळाकडं पाहिलं नाही.
तिथूनच मुलाला फोन लावला.
"ठीक नाही," देल्मिरो म्हणाला. दोनच शब्द.
पलीकडं इतका वेळ शांतता,
की वाटलं समुद्रच फोनवर आलाय.

आता गोळी आहे. गुरुवारी मागच्या खोलीत
पत्त्यांचा डाव आहे, तिथं तो लबाडी करतो.
सगळं निवळलं असं मी म्हणणार नाही.
काही सकाळी दारातूनच सांगतो, "आज वारा आहे."
झाडाचं पान हलत नसतं.
मी इंजिन बंद करतो.
त्या दिवशी परतीच्या घरांना पाव उशिरा मिळतो.
उशीर का, कुणी विचारत नाही.

हल्ली अख्खा घेतो.
त्यातला अर्धा कुत्र्याचा, मला ठाऊक आहे.
सुरी मी व्हॅनमध्ये ठेवत नाही.